पंखा भणाणतो, मशीन तापतं आणि वर ‘सर्व्हर एरर’: आधी हे दोन वेगळे करा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: घरी साडेपाच वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे, दहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, त्याला थंड ठेवायला त्याच्याच खोक्यात आलेला कूलर, म्हणजे धातूची पाती आणि त्यावर पंखा. महिन्याभरापासून मशीन चालू केलं की पंखा भणाणतो तो गप्पच होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन रेंगाळायला लागतं, एक-दोनदा पटकन बंदही पडलं. त्यातच मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना सारखा ‘सर्व्हर एरर’ येतो. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील.

नऊ हजार तूर्त खिशातच ठेवा. मी अकोल्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. मदरबोर्ड जातात, नाही असं नाही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मदरबोर्ड माझ्या यादीत पाचव्या-सहाव्या नंबरावर येतो. आणि सर्व्हर एररचा तर त्याच्याशी काही संबंधच नाही. आधी तेवढं निकालात काढू, कारण ते दहा मिनिटांचं काम आहे.

‘सर्व्हर एरर’ हे फार मोघम नाव झालं. स्क्रीनवर जवळपास नेहमी एक तीन आकडी नंबर असतो, तो वाचा. पाचने सुरू होणारा असेल, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४, तर घोटाळा समोरच्या टोकाला आहे. ५०३ म्हणजे सर्व्हरवर गर्दी झाली किंवा तो दुरुस्तीसाठी बंद ठेवलाय. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होतं, आठवा. ५०२ आणि ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही, किंवा वेळेत आलं नाही. त्यासाठी तुम्ही रॅम वाढवा नाहीतर विंडोज नव्याने टाका, काही फरक पडणार नाही. चारने सुरू होणारा असेल तर तुमच्याकडून गेलेल्या मागणीत काहीतरी खोट आहे: पत्ता चुकला, लॉगिन संपलं, किंवा इतक्या वेळा रिफ्रेश केलं की त्यांनीच तुम्हाला थोडा वेळ अडवलं.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. मोबाइलचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथेही तोच नंबर आला तर चहा प्या आणि रात्री अकरानंतर किंवा पहाटे फॉर्म भरा. मोबाइलवर नीट उघडली आणि कॉम्प्युटरवर नाही, तर मग घरातलं बघायचं: राउटर, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) आणि घड्याळ. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर लाइनच तुटलीय, घरात काही शोधू नका. राउटर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवला असेल तर खाली उतरवा. तोही तापतो, आणि तापला की कनेक्शन सोडतो. ‘सर्व्हरचा पत्ता सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी चार वेळा एक किंवा चार वेळा आठ, मधे टिंब देऊन, लिहून बघा.

घड्याळाचं ऐकून लोक हसतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका पेन्शनच्या साइटसाठी दोनदा दुकानात आल्या. पाहतो तर मशीनची तारीख काही वर्षं मागची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. त्यामुळे रात्री प्लग काढला की सकाळी घड्याळ मागे जायचं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मशीनला वाटतं ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. बाईंच्या लेखी तो सर्व्हर एररच. तीस-चाळीस रुपयांचा सेल टाकला, काम झालं. तुमच्या मशीनलाही साडेपाच वर्षं झालीत, डबा उघडाल तेव्हा तो सेल बदलूनच टाका.

एक मात्र जपा. फी भरताना ५०२ किंवा ५०४ आला तर लगेच पुन्हा ‘पे’ दाबू नका. मागणी पोचलेली असू शकते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. आधी बँकेचा मेसेज बघा, खातं बघा, मग पुढचं. आणि अशा वेळी गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून जो नंबर पहिला दिसेल त्यावर फोन करू नका. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि खातं रिकामं होतं. तसं झालंच तर १९३० वर ताबडतोब कळवायचं.

दोन तक्रारींमध्ये खरा धागा असलाच तर एवढाच: प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन रेंगाळतं, एक पान भरायला तुम्हाला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात साइट म्हणते ‘सेशन संपलं’. म्हणून नंबर वाचा म्हटलं. ‘सेशन एक्स्पायर्ड’ असेल तर ते मात्र तुमच्या तापलेल्या मशीनमुळे असू शकतं.

आता पंख्याकडे. पंखा आजारी नाही, तो ओरडून सांगतोय. प्रोसेसरचं तापमान वाढलं की मदरबोर्ड पंख्याला जोरात फिरायला सांगतो, इतकाच त्याचा दोष. म्हणून ‘आवाज कमी करून द्या’ असं म्हणणाऱ्यांना मी आधी बसवून घेतो. प्रश्न दोनच उरतात: उष्णता जास्त तयार होतेय, की झालेली बाहेर जात नाहीये?

पहिल्याचं उत्तर डबा न उघडता मिळतं. मशीन चालू करा, काहीही उघडू नका, दहा मिनिटं थांबा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारे वर येतील. काहीच न करता आकडा पाच-दहा टक्क्यांच्या आत हवा. ‘डीटेल्स’मध्ये ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नव्वद टक्के दिसला म्हणून घाबरू नका. तो रिकामेपणाचा आकडा आहे, नव्वद दिसला म्हणजे प्रोसेसर नव्वद टक्के निवांत बसलाय. हा ‘व्हायरस’ काढून द्या म्हणून माझ्याकडे दर वर्षी दोघे-तिघे येतात.

तिथेच ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘अप टाइम’ असतो. रोज शटडाउन करूनही तिथे बारा-पंधरा दिवस दिसतील. विंडोज आठपासून शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते, फास्ट स्टार्टअपमुळे. उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजच्या पोटात अडकून बसलेला एखादा ड्रायव्हर किंवा सर्व्हिस तशीच राहते. शटडाउन नव्हे, ‘रिस्टार्ट’ करा. निम्म्या लोकांचा पंखा तिथेच शांत होतो आणि मला चहाचे पैसेही मिळत नाहीत.

आणखी एक नमुना लक्षात ठेवा: पंखा भणाणतोय, तुम्ही टास्क मॅनेजर उघडलात आणि दोन सेकंदांत तो शांत झाला, बंद केलात की पुन्हा सुरू. हे भुताटकीचं नाही. तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो कॉइन (इंटरनेटवरचं चलन) खोदणारे काही चोरटे प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसला की लपतात. फुकटात मिळालेलं महागडं सॉफ्टवेअर किंवा गेमचा क्रॅक टाकलाय का, मुलांना प्रेमाने विचारा. असेल तर विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, आणि तरी शंका फिटत नसेल तर फायली बाहेर काढून विंडोज नव्याने टाका.

सीपीयू पाच टक्क्यांवर आणि तरी पंखा बोंबलतोय, तर मामला दुसरा: उष्णता बाहेर पडत नाही. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो हे मोफत प्रोग्रॅम तापमान दाखवतात. तुमच्या प्रोसेसरची वरची हद्द १०० अंश सेल्सिअस आहे, तिथे पोचला की तो वेग कापतो. रिकामं असताना ४०-५० आणि जोरात काम करताना ७०-८० असेल तर ठीक. रिकामं असताना ७५ असेल तर डबा उघडायचा.

यात खोलीचं तापमान धरायला विसरू नका. कूलरला फक्त प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेला देता येते, हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. जानेवारीत खोली २४ अंशांवर आणि प्रोसेसर ६२ वर असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर त्याच कामाला ७६ च्या आसपास जाणारच. बाहेर ४५ असताना आमच्याकडे निम्मी मशिनं ‘बिघडतात’ ती अशी.

आता डबा. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात आणि त्याला लाकडी टेबलाच्या खणात, मागून फळी लावून, वर क्रोशाचा रुमाल टाकून बसवतात. आधी तो खणातून बाहेर काढा. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल, मग बाजूचं झाकण उघडा.

इथे मी जी तपासणी करतो ती तुम्हीही करू शकता. झाकण उघडं ठेवून मशीन पंधरा मिनिटं चालवा, तापमान बघा, मग बंद करून प्लग काढा आणि लगेच कूलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावा, जपून. प्रोसेसर ९०-९५ दाखवत होता आणि धातू जेमतेम कोमट, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये पोचतच नाहीये. कूलर सैल आहे नाहीतर पेस्ट, म्हणजे उष्णता पोचवायला दोघांच्या मधे लावलेला लेप, वाळलीय. धातू चटका देतोय, तर उष्णता कूलरपर्यंत आलीय पण हवा ती नेत नाहीये. म्हणजे धूळ, पंखा, नाहीतर कोंडलेला डबा. उघड्या डब्यावर टेबल फॅन लावूनही हेच कळतं. तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलं तर हवेचा प्रश्न, जरासंच हललं तर जोडणीचा. हजारो रुपयांची यंत्रं नकोत, एक बोट आणि एक टेबल फॅन पुरतो.

मशीन किती वेळाने बंद पडतं, तेही बरंच सांगून जातं. चालू केल्यावर मिनिटाभरात बंद, तर कूलर सुटलाय. वीस-पंचवीस मिनिटांनी आधी रेंगाळून मग बंद, जसं तुमचं, तर धूळ, वाळलेली पेस्ट किंवा अर्धवट सुटलेला कूलर. तापमान ६० वर असताना न रेंगाळता धाडकन बंद, तर उष्णतेचा नाद सोडा आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघा.

तुमच्या प्रोसेसरबरोबरचा कूलर गोल असतो आणि त्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, पांढऱ्या दुभंगलेल्या पायांत काळी काडी घुसणाऱ्या. त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवायच्या. या खुंट्यांनी माझी अब्रू एकदा घालवलीय. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं मशीन असंच बंद पडायचं. मी रॅम बदलली, मग एसएमपीएस बदलला, दोन चकरा मारल्या, पैसे घेतले. तिसऱ्यांदा बोर्ड बाहेर काढून उलटा केला, तर चारपैकी एका खुंटीचा पाय भोकातून आलेलाच नव्हता. समोरून सगळं ठीक दिसत होतं. स्कूटरवर पायाशी ठेवून आणलेलं मशीन, खड्ड्यांत कूलर उचलला गेला होता. पैसे परत केले, पण ते गृहस्थ अजून भेटले की विचारतात, ‘खुंटी बघितली का?’

म्हणून: कूलर बोटांनी हलकेच हलवून बघा. डुगडुगायला नको. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेला फिरवली की ती सुटते. बसवताना उलट फिरवून सरळ खाली दाबायची, समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन-दोन एका वेळी. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. शक्य असेल तर बोर्डच्या मागून बघा: चारही पांढरे पाय बाहेर आलेले आणि त्यांच्या मधोमध काळी काडी. पाय मोडलेला असेल तर फेव्हिक्विक लावू नका, नवा कूलर घ्या. मदरबोर्डच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

कूलर काढलाच तर पेस्ट नवी लावल्याशिवाय परत बसवायचा नाही. जुनी पेस्ट साधारण तीन ते पाच वर्षांत खडूसारखी कोरडी होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सुती फडक्याने, प्रोसेसर आणि कूलरचा तळ दोन्ही चकचकीत पुसा. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. लोक पोळीला तूप लावावं तशी लावतात, ती बाजूंनी ओघळते आणि काम बिघडवते. टूथपेस्ट लावलेलीही पाहिलीय. दोन दिवस बरी चालते, मग वाळून तडकते. नवा कूलर आणलात तर तळाला चिकटवलेली पातळ प्लॅस्टिकची फिल्म असल्यास ती काढा. हसू नका, मला अशी तीन मशिनं आठवतात.

धुळीचं आमच्या भागात वेगळंच प्रकरण आहे. जिनिंगच्या आजूबाजूला राहणाऱ्यांच्या मशिनमध्ये कापसाचे तंतू बसतात. कूलरच्या पात्यांवर पंख्याखाली गोधडीसारखा थर जमतो, वरून दिसतही नाही. पंखा फिरतो, आवाज करतो, आणि हवा आत शिरतच नाही. देवघराशेजारच्या मशिनवर उदबत्तीची चिकट काजळी, स्वयंपाकघराशेजारच्यावर फोडणीचं तेल. सगळ्यांत वाईट म्हणजे डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवलेलं मशीन. माणसाला गार वाटतं, पण ओलावा आणि खाऱ्या पाण्याचे कण आत जाऊन धुळीचा चिखल होतो, तो वाळला की पात्यांत प्लॅस्टर. कूलरसमोर मशीन कधी ठेवू नये, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं.

झाडताना ब्लोअर वापरा, मशीन गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून. पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ब्लोअरच्या झोतात ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एसएमपीएसच्या जाळीतून धूळ उडवा, पण त्याचा डबा उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतले वीज साठवणारे कपॅसिटर झटका देतात.

आता आवाजाची जात ओळखा. हवेचा सलग घोंगाट असेल तर पंखा जोरात फिरतोय, कारण उष्णता. घरघर, सुरुवातीला जास्त आणि तापल्यावर कमी, तर बेअरिंग कोरडं पडलंय. तेल सोडून महिनाभर चालतं, पंखा बदलणंच बरं. टकटक असेल तर एखादी वायर पात्याला लागतेय. ‘कट्-कट्’ डब्याच्या खालून येत असेल तर तो पंखाच नाही, हार्ड डिस्क आहे. सगळं सोडा आणि आधी फोटो दुसरीकडे काढून घ्या.

आणि पंखा कधी कुणी बदलला असेल तर पिना मोजा. चार पिनांच्या जागी तीन पिनांचा पंखा लावला आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ती जागा ‘पीडब्ल्यूएम’वर (चार पिनांच्या पंख्याच्या रीतीवर) असली, तर पंखा कायम पूर्ण वेगात फिरतो, तापमान ४० असलं तरी. बायोसमध्ये तिथे ‘डीसी’ किंवा ‘ऑटो’ करा, घर शांत होईल.

हे सगळं करूनही मे महिन्यात पंखा ओरडत असेल तर एक युक्ती आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल, पण त्यामुळे टर्बो, म्हणजे गरजेला वाढणारा जादा वेग, बंद होतो. फॉर्म, यूट्यूब, टॅली यांना फरक जाणवत नाही, तापमान मात्र लक्षात येण्याइतकं उतरतं. पावसाळा लागला की परत १०० करा.

तुमच्या घरी लॅपटॉपही असेल तर वेगळं एवढंच: हवा खालून आत येते, म्हणून गादीवर, उशीवर ठेवायचा नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा किंवा झाकण नीट बसत नाही असं दिसलं, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, बंद करा, वर दाब देऊ नका, टोचून बघू नका, थेट दुकानात न्या.

आता तुमच्या दुकानदाराचं. मदरबोर्ड गेला असं कळलं कशावरून, ते विचारा. तापमान पाहिलं का? दुसरा एसएमपीएस लावून चालवून पाहिलं का? बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा गळलेले दिसले का, दिसले तर दाखवा म्हणावं. यातलं काहीच केलं नसेल तर नऊ हजार हा अंदाज आहे, निदान नाही. तुमच्या वर्णनावरून माझा कौल पेस्ट आणि खुंटी, त्याखालोखाल धूळ. रविवारी दुपार काढा, आधीचं आणि नंतरचं तापमान कागदावर लिहा. धातू कोमट होता की चटका देत होता, तेही लिहा. तरी बंद पडलंच तर त्या दोन आकड्यांसकट पुन्हा विचारा, आणि बंद पडताना स्क्रीन आधी गोठली की एकदम काळी झाली, तेवढं सांगा.